सेल्फ फिरतो, पण ट्रॅक्टर चालू होत नाही? नवा सेन्सर घेण्याआधी हे वाचा

50 एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना 1 जानेवारी 2023 पासून ट्रेम-4 हे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि कॉमन रेल इंजिनं (एकाच पाईपात जास्त दाबाने डिझेल साठवून सगळ्या इंजेक्टरना देणारी) शेतात आली. या इंजिनात डिझेल कधी आणि किती सोडायचं ते ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरवतो. पिस्टन कुठे आहे ते त्याला क्रँक आणि कॅम सेन्सर सांगतात.

क्रँक सेन्सर क्रँकशाफ्टसोबत फिरणाऱ्या दातेरी चकतीचे दाते मोजतो. बऱ्याच इंजिनांत 60 पैकी दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात, त्या फटीपासून मोजणी सुरू होते. पिस्टन वर आला तो कॉम्प्रेशनचा की एक्झॉस्टचा, हे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टवरच्या कॅम सेन्सरवरून कळतं. 2000 आरपीएमला क्रँक एक अंश फिरायला जेमतेम 0.08 मिलिसेकंद लागतात. त्यामुळे सिग्नल थोडा जरी तुटला तरी इंजिन मिस मारतं, धूर सोडतं, रोटाव्हेटर टाकला की दम टाकतं.

सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जागचा हलला नाही, तर संशय क्रँक सेन्सरवर. गरम झाल्यावर बंद पडून थंड झाल्यावर चालू होत असेल, तर बहुधा सेन्सरची आतली कॉइल तापून सुटत असते. स्क्रीनवर एसपीएन 636 हा बिघाडाचा कोड दिसला म्हणजे सेन्सरच गेला असं नाही. वायर किंवा कनेक्टरही असतो.

म्हणून आधी बॅटरी बघा. सेल्फ मारताना व्होल्टेज 9.6 च्या खाली गेलं, तर इंजिन पुरेसं फिरत नाही आणि सिग्नलही कमजोर पडतो. मग कनेक्टर काढा: पिना हिरवट पडल्यात का, प्रेशर वॉशिंगचं पाणी शिरलंय का, उंदरांनी वायर कुरतडलीय का. त्यानंतरच बोल्ट काढून सेन्सर बाहेर घ्या. टोकाला लोखंडी कीस चिकटला असेल तर कापडाने पुसा, ओ-रिंगला तेल लावून हाताने बसवा. हातोडी नको. सेन्सरचं टोक आणि दाते यांच्यातला गॅप साधारण 0.5 ते 1.5 मिमी. क्लच-फ्लायव्हीलचं काम झाल्यावर तक्रार सुरू झाली असेल, तर गॅप आणि दाते आधी तपासा.

दोन वायरच्या (कॉइलवाल्या) सेन्सरचा रेझिस्टन्स बहुधा 800 ते 1000 ओहम भरतो. तीन वायरच्या हॉल सेन्सरला ओहम मीटर लावू नका; चावी ऑन करून सप्लाय बघा, बहुतेक ठिकाणी 5 व्होल्ट मिळतो.

आणि जुन्या सवयीने हवा काढायला डिझेलचा हाय-प्रेशर पाईप सैल करू नका. त्यातून सुटणारी डिझेलची धार कातडी फाडून आत शिरते.