वेगळा मेंदू, वेगळा कान आणि २०१३ चा तो निर्णय

ऑटिझम (लोकांत मिसळणं-बोलणं वेगळं असणं, ठरावीक गोष्टींचीच ओढ असणं), एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्वस्थ बसणं अवघड जाणं), डिस्लेक्सिया (वाचणं-लिहिणं अवघड जाणं) यांच्या जास्त खोलात इथे जात नाही. असे लोक गाण्या-वाजवण्याकडे कसे येतात आणि तिथे त्यांचं काय होतं, हे कळायला एवढा वेळ का लागला त्याची ही पार्श्वभूमी.

जुना भाग पटकन उरकतो. अमेरिकेत १८४९ मध्ये गुलामगिरीत जन्मलेला एक आंधळा पियानोवादक होता, एकदा ऐकलं की तसंच्या तसं वाजवायचा, १८६० मध्ये व्हाइट हाऊसमध्ये वाजवून आला, आणि पैसा सगळा मालकाच्या खिशात. आज तो ऑटिस्टिक असावा असं म्हणतात, तेव्हा तो बघायला तिकीट लावायचा नमुना होता. मग १९४३ चा लिओ कॅनर या डॉक्टरचा पेपर, ११ मुलांचा, ज्याच्यापासून ऑटिझमची सगळी चर्चा सुरू झाली. त्यातला एक पोरगा दीड वर्षाचा असताना १८ सिम्फनी (ऑर्केस्ट्राच्या मोठ्या रचना) वेगवेगळ्या ओळखायचा, सुरुवात झाली की संगीतकाराचं नाव सांगायचा. म्हणजे संगीत पहिल्याच पेपरात आहे! पण पुढची कित्येक वर्षं वाद काय, तर आईच मायाळू नसेल म्हणून मूल असं झालं. गाणं राहिलं बाजूला.

आपल्याकडे खान्देशात तर हे कोणी नोंदवायचा प्रश्नच नव्हता. कानबाईची गाणी, वहीगायन, सातपुड्यातला होळीचा ढोल, लग्नातला बँड, सगळं कानाने शिकायचं, वही-पेन्सिल कशाला. त्यामुळे अक्षर न जुळणारा पोऱ्या शाळेत ढ ठरला तरी डफावर बसला की कोणाला काही खटकत नव्हतं, फार तर "याले याड लागेल शे" म्हणायचे आणि वाजवू द्यायचे. (म्हणून आसोद्याच्या निरक्षर कवयित्री बहिणाबाईंना किंवा कुठल्या मेलेल्या उस्तादाला आता मागे जाऊन ऑटिस्टिक ठरवायची जी फॅशन आलीय ती मला पटत नाही. पुरावा काय?)

आता मुख्य गोष्ट. २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचारवाल्यांच्या निदानपुस्तकाची पाचवी आवृत्ती आली. गाजलं काय, तर १९९४ मध्ये आत घेतलेलं ॲस्पर्गर (बोलणं आणि बुद्धी शाबूत असलेल्या ऑटिझमचं नाव) हे वेगळं निदान काढून टाकलं आणि सगळं ऑटिझमच्या एका स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कमी-जास्त लक्षणांच्या एकाच पट्ट्यात घातलं. ज्यांनी मोठेपणी ते निदान मिळवलं होतं त्यातल्या बऱ्याच जणांना, त्यात वादक-गायकही आले, ओळखच काढून घेतल्यासारखं वाटलं, आणि दुसरी बाजू म्हणत होती की "हुशार ऑटिस्टिक" आणि "बाकीचे" अशी उतरंड मोडलीच पाहिजे. २०१८ मध्ये, ज्याच्या नावावरून हे निदान आलं त्या व्हिएन्नाच्या डॉक्टर ॲस्पर्गरचा नाझींच्या मुलं मारणाऱ्या क्लिनिकशी संबंध कागदपत्रांसकट बाहेर आला, मग अनेकांनी ते नाव आपणहूनच सोडलं.

पण माझ्या मते संगीताच्या बाजूने खरे बदल दुसरेच होते. एक, आवाज-उजेड-स्पर्श जास्त किंवा कमी जाणवणं हे पहिल्यांदा ऑटिझमच्या निकषात लिहिलं गेलं. स्वतः तासन् तास ताशा वाजवणारा माणूस दुसऱ्याच्या डीजेपुढे कान दाबून पळतो, हे नाटक नाही, स्वतःच्या हातातला ठोका कधी पडणार ते त्याला माहीत असतं, डीजेचा नसतं, एवढं साधं आहे ते. दोन, तोपर्यंत ऑटिझमचं निदान असेल तर एडीएचडीचं द्यायचंच नाही असा नियम होता, तो गेला. एकच पलटा (सरावाची सुरांची ओळ) एकाच लयीत शंभरदा घोटल्याशिवाय चैन न पडणं आणि त्याच माणसाला रोजच्या रियाजाला बसवता न येणं, कारण डोक्यात तिसरीच चाल सुरू झालीय, या दोन्ही ओढी एकाच डोक्यात असू शकतात हे त्या पुस्तकाने तेव्हा कुठे मान्य केलं. आधी गुरुजी त्याला आळशी म्हणून मोकळे व्हायचे. नवीन चाली अशा ओढाताणीतूनच निघतात असं मी म्हणणार नाही, पण निघतात तेव्हा आश्चर्य वाटत नाही.

ॲब्सोल्यूट पिचचंही, म्हणजे दुसऱ्या सुराच्या आधाराशिवाय सूर ओळखता येण्याचंही असंच. ऑटिस्टिक लोकांत ते इतरांपेक्षा जास्त सापडतं, न शिकलेल्या ऑटिस्टिक मुलांनाही सुटे सूर जास्त चांगले लक्षात राहतात, हे १९९० च्या दशकापासून अभ्यासात येतंय. वाचणाऱ्याला वाटतं काय दैवी देणगी! पण हिंदुस्थानी संगीतात सा हलतो, गाणारा आपल्या पट्टीप्रमाणे तो खाली-वर धरतो. काळी एकच्या पट्टीत पाठ केलेली बंदिश काळी चारला गायला सांगितली की असा मुलगा अडतो, त्याला ती वेगळीच वस्तू ऐकू येते, आणि क्लासमधले सगळे बघत असतात. देणगीच्या गोष्टी सांगताना हे कोणी सांगत नाही.

भारतातलं सांगायचं तर १९९५ च्या अपंगत्व कायद्यात ऑटिझम नव्हता, १९९९ च्या वेगळ्या कायद्यात आला, २०१६ च्या कायद्याने यादी २१ प्रकारांची केली त्यात ऑटिझम आणि लर्निंग डिसॅबिलिटी (डिस्लेक्सिया यातच येतो) दोन्ही आहेत. एडीएचडीचं नाव मात्र नाही. म्हणजे गाण्याच्या परीक्षेत प्रॅक्टिकलला बाजी मारणाऱ्या डिस्लेक्सियावाल्या मुलीला लेखी पेपरला जास्त वेळ मागायचा तर किमान दाखला तरी पुढे करता येतो. तिच्या शेजारी बसलेला एडीएचडीवाला तबलजी त्याच पेपरला अर्ध्या तासात उठून गेला, तर त्या यादीत त्याच्यासाठी काहीच नाही.