निवड आणि निवडणूक

मतदानाचं वय 21 वरून 18 वर आलं ते मार्च 1989 मध्ये. त्याच वर्षी मुंबईत कॉलेज निवडणुकीच्या वादातून एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला. तोवर मारामाऱ्या, पळवापळवी, पैशांचा खेळ हे पुण्यालाही नवं राहिलं नव्हतं. पालक धास्तावले होते आणि ती धास्ती खोटी नव्हती. पण गुंडांना आवरण्याऐवजी कॉलेजातली थेट निवडणूकच काढून टाकली गेली, हे मला आजही पटत नाही.

1994 च्या विद्यापीठ कायद्याने वर्ग प्रतिनिधीसाठी आधीच्या परीक्षेतली गुणवत्ता हा निकष घातला. क्रीडा, एनसीसी, एनएसएस, सांस्कृतिक विभाग यांचा प्रत्येकी एक विद्यार्थी आणि प्राचार्यांनी नेमलेल्या दोन मुली, असं कॉलेजचं विद्यार्थी मंडळ बनायचं. मग याच मोजक्या मुलामुलींनी आपल्यातून सचिव निवडायचा. म्हणजे मतदान होतं, पण मतदार नेमलेले. सूचना फलकावर शब्द असायचा 'निवड'. मराठीत निवडून येणारा आणि निवडला जाणारा, दोघांचीही 'निवड'च होते. सगळा घोळ त्या एका शब्दात झाकला गेला. आमच्या वर्गात पहिली आलेली मुलगी तास चालू असताना ऑफिसात बोलावली गेली आणि सही करून परत आली. ती आमची प्रतिनिधी झाली, हे आम्हाला चार दिवसांनी कळलं. मुलगी हुशार होती, कष्टाळू होती. पण आमच्यापैकी कुणाकडे तिला मत मागावं लागलं नाही, त्यामुळे वाचनालय लवकर बंद होतं ही तक्रार तिच्याकडे न्यावी असं आम्हालाही सुचलं नाही.

2006 मध्ये विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीने खर्चाला 5000 रुपयांची मर्यादा, छापील पोस्टरला बंदी, 75 टक्के हजेरी अशा अटी सुचवल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या लागू केल्या. हिंसा टाळून निवडणूक घेण्याची वाट तेव्हापासून मोकळी होती. राज्याने थेट निवडणुकीची तरतूद केली ती 2016 च्या कायद्यात. 2019 मध्ये घोषणा झाली, निवडणुका लांबणीवर पडल्या. पुढच्या वर्षी कॉलेजंच बंद होती.

मुलं गप्प बसली नाहीत. 14 मार्च 2021 ची राज्यसेवा पूर्वपरीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलली, तेव्हा पुण्यात नवी पेठेतल्या अभ्यासिका ओस पडल्या आणि शास्त्री रस्ता भरला. दुसऱ्या दिवशी 21 मार्च ही नवी तारीख आली. ऐकून घेणारं कुणी हवं असेल तर रस्त्यावर बसावं लागतं, हा धडा त्या पिढीने तिथे घेतला.

पुणे महापालिकेतही तेच. फेब्रुवारी 2017 नंतर पुढचं मतदान जानेवारी 2026 मध्ये झालं. मार्च 2022 पासून कारभार प्रशासकाच्या हाती होता. 2017 च्या दिवाळीत अठरा पूर्ण केलेल्या मुलीने नगरसेवकासाठी पहिलं मत दिलं, तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती.