पहाटेची हवा सगळ्यात शुद्ध?

‘थंडीत पहाटे पाचला फिरायला जा, तेव्हा हवा सर्वात शुद्ध असते,’ हा मेसेज दर हिवाळ्यात फिरतो. गार वारं तोंडावर आलं की तसं वाटणं साहजिकच आहे. पण हवा गार असणं वेगळं आणि स्वच्छ असणं वेगळं.

हिवाळ्यात पुण्याचं आकाश रात्री निरभ्र असतं, त्यामुळे जमीन भराभर थंड होते. जमिनीलगतची हवाही गार आणि जड होते. तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. त्यात वाराही पडलेला. मग रात्रीच्या ट्रकांचा धूर, वॉचमनच्या शेकोट्या, कोपऱ्यावर पेटवलेला पालापाचोळा, सगळं खालीच साचतं. त्यातले २.५ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण, म्हणजेच ‘पीएम २.५’, तर थेट फुप्फुसात खोलवर जातात. ऊन तापलं की जमिनीलगतची हवा वर उठते, झाकण मोडतं. म्हणून रस्त्यावर गर्दी असूनही दुपारी हे कण बहुधा कमी भरतात.

पडताळायचंय? थंडीत सकाळी सातला पर्वती टेकडीवरून शहराकडे बघा: इमारतींच्या कमरेला करडा पट्टा दिसेल. (सगळंच धुकं नसतं ते.) दुपारी तिथूनच पुन्हा बघा. किंवा हवेच्या मोजणी केंद्राचे पीएम २.५ चे आकडे पाहा, पण तासागणिक; २४ तासांच्या सरासरीत हा चढउतार दिसतच नाही.

पावसाळ्यात मात्र पहाटे खुशाल निघा. पाऊस आणि पश्चिमेचा वारा कण फारसे साचू देत नाहीत.