अधांतरी डिस्प्लेचा संच जोडण्यापूर्वी हे वाचा

आपल्या दुकानाचं बोधचिन्ह, अत्तराची छोटी बाटली किंवा एखादं मॉडेल टेबलावर अधांतरी ठेवायचं म्हणून आपण हा संच घेतला आहे. तो नीट चालावा यासाठी आत काय घडतं ते आधी समजून घ्या.

नुसत्या दोन चुंबकांनी वस्तू तरंगत नाही. एकमेकांना ढकलणारे दोन चुंबक एकावर एक धरले की वरचा बाजूला सटकतो आणि उलटा होऊन खालच्याला चिकटतो. फक्त कायम चुंबकांच्या मांडणीने असा तोल साधत नाही, हे सॅम्युअल अर्नशॉ या इंग्लिश गणितज्ञाने 1842 मध्ये दाखवून दिलं. म्हणून संचाच्या बैठकीत चुंबकासोबत सर्किटही आहे. कड्याच्या आकाराचा चुंबक वजन पेलतो. आतल्या बाजूला चार कॉइल (तारेची वेटोळी) आहेत आणि मधोमध हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र ओळखणारा सेन्सर. वरची चकती, म्हणजे वस्तूला खालून चिकटवायचा चुंबक, जराशी सरकली तरी सेन्सरला ते कळतं, सर्किट कॉइलमधला प्रवाह बदलतं आणि चकती परत मध्यावर येते. तळहातावर उभी काठी तोलताना हात सतत हलत असतो, तसंच हे काम. फक्त सेकंदाला शेकडो वेळा चालणारं. बारीक गुणगुण ऐकू आली तर घाबरू नका, कॉइल काम करत आहेत.

चकती वस्तूला चिकटवण्याआधी तिची कुठली बाजू खाली येते ते बैठकीवर धरून तपासा आणि पेनाने खूण करा. मग दोन भाग मिसळून वापरायचा एपॉक्सी लावा. चकती वस्तूच्या बरोबर मध्यावर हवी. उंच, वर जड असलेली वस्तू झुकते, तेव्हा बुटकी आणि रुंद निवडा. स्क्रू लागलाच तर पितळी घ्या, लोखंडी नको. चकतीचा निओडिमियम चुंबक साधारण 80 अंश सेल्सिअसच्या पुढे आपली ताकद गमावू लागतो, त्यामुळे चकती लावलेली वस्तू पावडर कोटिंगच्या भट्टीत अजिबात घालू नये. रंगकाम आधी उरका.

ठेवण्याची पद्धत: बैठक लाकडी टेबलावर सपाट ठेवा, लोखंडी टेबल किंवा कपाट टाळा. अडॅप्टर लावा. वस्तू दोन्ही हातांनी आडवी धरून सरळ वरून, हळूहळू खाली आणा. आधी ती बाजूला ढकलली जाईल. बोटांना ते ढकलणं थांबल्याचं जाणवलं, की मध्य सापडला. तिथे हात अलगद सोडा. पहिल्या दोन-चार वेळा जमलं नाही तर बैठक खराब आहे असं समजू नका. हाताला सवय लागते. वस्तू बसली की बोटाने हलकेच फिरवा, बराच वेळ फिरत राहील, कारण तिला फक्त हवेचाच काय तो अडथळा.

कॉइल हाताला चटका बसण्याइतक्या तापल्या तर वजन जास्त आहे किंवा एका बाजूला आहे. डब्यावर छापलेल्या मर्यादेत चकती आणि एपॉक्सीचंही वजन धरा.

वीज गेली की वस्तू तत्क्षणी पडते. काचेची असेल तर यूपीएस लावाच. गणपतीच्या दिवसांत आमच्याकडे अधांतरी मूर्तीची मागणी येते. सजावटीतलं कमळ किंवा मोदक कागदी लगद्याचा करून जरूर तरंगवा, पण पूजेची मूर्ती यावर ठेवू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. ती पडून भंगली तर त्याची भरपाई कशानेही होत नाही.

पेसमेकर बसवलेल्यांनी संच हाताळू नये आणि जवळही बसू नये. सुटे चुंबक लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका: दोन चुंबक गिळले गेले तर आतड्याच्या भिंती मध्ये चिमटून छिद्र पडू शकतं. तशी शंका जरी आली तरी लगेच रुग्णालय गाठा.

जोडणीत अडलात तर वस्तू आणि बैठक दोन्ही घेऊन दुकानात या. वजन आणि तोल तपासून देण्याचे पैसे आम्ही घेत नाही.