ताजी भाजी कुणाच्या वस्तीत मिळते?

14 मे 2022 रोजी अमेरिकेतल्या बफेलो शहरात एका गोऱ्या वंशवाद्याने जेफरसन अव्हेन्यूवरच्या सुपरमार्केटमध्ये गोळीबार केला. दहा कृष्णवर्णीय माणसं मारली गेली. दुकान दोन महिने बंद राहिलं आणि शोकात बुडालेल्या वस्तीपुढे आणखी एक प्रश्न आला: दूध, भाजी, फळं आणायची कुठून? जवळपास दुसरं सुपरमार्केट नव्हतंच. हे एकसुद्धा रहिवाशांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कुठे 2003 मध्ये सुरू झालं होतं.

'तिथे गिऱ्हाईक नाही म्हणून दुकान नाही' हे नेहमीचं उत्तर मला अजिबात पटत नाही. गिऱ्हाइकाच्या हाती पैसा का राहिला नाही, तेही पाहायला हवं. 1930 च्या दशकात एका सरकारी गृहकर्ज संस्थेने दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे रंगवले. लाल रंगाचा भाग कर्जासाठी 'धोकादायक', आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळपास हमखास लाल. पण सगळं खापर नकाशांवर फोडता येत नाही. 1934 मध्ये स्थापन झालेल्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन या गृहकर्जांना हमी देणाऱ्या सरकारी संस्थेने या वस्त्यांतल्या गृहकर्जांना हमी नाकारली आणि गोऱ्यांच्या उपनगरांना ती सढळ हाताने दिली. हा घाव जास्त खोल होता. घरखरेदीतला भेदभाव बेकायदा ठरला 1968 मध्ये. तोवर गोरी कुटुंबं उपनगरांत गेली होती, आणि सुपरमार्केटंही त्यांच्या मागोमाग निघाली होती.

काही साखळी दुकानांनी तर जाताना जागेच्या खरेदीखतातच अट घातली, की इथे पुढची अनेक वर्षं किराणा दुकान काढायचं नाही. दुसरा दुकानदार तयार असला, तरी हा कागद आडवा येतो.

उरतात कोपऱ्यावरची छोटी दुकानं. पालेभाजी दोन-तीन दिवसांत माना टाकते, चिप्सची पाकिटं महिनोन्‌महिने टिकतात. दुकानदार काय ठेवणार हे उघड आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 20 जणांना दोन आठवडे चिप्ससारखं कारखान्यात बनलेलं, अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं, हवं तेवढं खायची मुभा ठेवून. पहिल्या प्रकारच्या अन्नावर असताना ते रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होते. कृष्णवर्णीय प्रौढांत मधुमेहाचं प्रमाण गोऱ्यांच्या साधारण दीडपट आहे. त्यामागे उत्पन्न, उपचार, ताण अशी इतरही कारणं आहेत, पण ताटातलं अन्न त्यातून वगळता येत नाही.

मग सुपरमार्केट उघडलं की झालं? तसं नाही. 2019 च्याच एका मोठ्या अर्थशास्त्रीय अभ्यासानुसार, गरीब आणि श्रीमंतांच्या आहारातल्या पोषणाच्या तफावतीपैकी जेमतेम 10 टक्के भाग दुकानं जवळ असण्या-नसण्यामुळे आहे. पिढ्यान्‌पिढ्या अडवलेला पैसा नव्या दुकानासोबत परत येत नाही. म्हणूनच मला डेट्रॉइटमधलं काम मोलाचं वाटतं. तिथल्या कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांनी 2006 मध्ये संघटना उभारली, शहरातच सात एकरांवर शेती केली, आणि 2024 मध्ये वुडवर्ड अव्हेन्यूवर सहकारी किराणा दुकान उघडलं. त्याचे मालक सभासद आहेत. ते चालवायचं की बंद करायचं, हे आता दूरच्या एखाद्या कंपनीच्या कचेरीत ठरत नाही.