गिटारचा टोन, टाळी आणि शेपूट

मित्रानं हौसेनं डिजिटल अँप मॉडेलर (गिटार अँप्लिफायरच्या आवाजाची नक्कल करणारं यंत्र) घेतला, हेडफोन लावून डिस्टॉर्शन चढवलं आणि आठवड्याभरात निकाल देऊन टाकला: "डिजिटलमध्ये जीव नाही. व्हॉल्व्ह ते व्हॉल्व्हच." व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या धाटणीच्या अँपमधल्या काचेच्या निर्वात नळ्या. मी ऐकून पाहिलं. खरंच डब्यात कोंडलेल्या माशीसारखी चिरचिर होती. पण दोष डिजिटलचा नव्हता. त्याच्या पॅचमध्ये, म्हणजे जतन केलेल्या सेटिंगमध्ये, कॅबिनेटचा (अँपच्या स्पीकरच्या खोक्याची नक्कल करणारा) ब्लॉकच बंद होता.

गिटार अँपचा १२ इंची स्पीकर घरच्या म्युझिक सिस्टीमसारखा नसतो. सेलेस्टियनच्या 'व्हिंटेज ३०' या नावाजलेल्या स्पीकरचा पल्लाच ७० ते ५००० हर्ट्झ. डिस्टॉर्शन म्हणजे ध्वनितरंगाचे माथे छाटणं. छाटलेल्या कडांतून मूळ स्वराच्या पटीतले हार्मोनिक्स ढिगानं निघतात, आणि त्यातला वरचा कर्कश भाग स्पीकरचा कागदी शंकू बराचसा गाळून टाकतो. ही गाळणी काढली की उरते ती माशी.

मॉडेलर ही गाळणी कशी उभी करतो, ते मला फार सुंदर वाटतं. नव्या घरात सामान लावण्याआधी रिकाम्या खोलीत टाळी वाजवून बघा. टाळी क्षणाची, पण खोली तिला स्वतःचं शेपूट जोडते. त्या शेपटात खोलीची सगळी ओळख असते. स्पीकरला अशीच टाळी देऊन समोरच्या मायक्रोफोननं टिपलेलं उत्तर म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स. प्रत्यक्षात बहुधा खालून वर सरकत जाणारा स्वर वाजवतात आणि टाळीचं उत्तर गणितानं काढतात.

आता मॉडेलरच्या लेखी तुमची गिटार म्हणजे सेकंदाला ४८,००० मोजमापं (सॅम्पल), म्हणजेच तितक्या लहानमोठ्या टाळ्या. प्रत्येक टाळी आपल्या जोरानुसार तेच शेपूट मागे सोडते. कुठल्याही क्षणी कानावर येते ती अशा सगळ्या शेपटांची बेरीज. हेच कन्व्होल्यूशन. शेपूट २०४८ सॅम्पलचं, म्हणजे सुमारे ४३ मिलिसेकंदांचं धरलं, तर दर सेकंदाला ९ कोटी ८३ लाख गुणाकार होतात! फूरिए परिवर्तन करून वारंवारितांच्या भाषेत गेलं, की प्रत्येक वारंवारितेला एकच गुणाकार पुरतो आणि ओझं खूप हलकं होतं.

मात्र हे गणित रेषीय गोष्टींनाच लागू पडतं: दुप्पट जोर, दुप्पट उत्तर. व्हॉल्व्हची छाटणी रेषीय नाही. ती वेगळ्या समीकरणांनी मांडावी लागते, आणि क्रमही पाळावा लागतो: आधी अँप, मग कॅबिनेट. व्हॉल्व्हमध्ये काही दैवी ऊब असते असं मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, की तिथला विद्युतप्रवाह मोजता येतो आणि म्हणूनच त्याची नक्कलही करता येते. तसंच 'एआय'चा शिक्का मारलेलं महागडं मॉडेलही चुकीच्या कॅबिनेटपुढे हतबल ठरतं.

टिपताना मायक्रोफोन शंकूच्या मध्यावर होता की कडेला, यानंही मोठा फरक पडतो. मध्यावर आवाज धारदार, कडेकडे गोल. दोनतीन सेंटिमीटर सरकवला तरी टोन पालटतो. म्हणून टोन टोचू लागला तर ईक्यूशी (जाड-बारीक स्वर कमीजास्त करणाऱ्या नियंत्रणाशी) झटण्याआधी दुसरा इम्पल्स रिस्पॉन्स लावून पाहावा.

मित्राचा ब्लॉक चालू केला आणि माशी गेली. पुढे तालमीत त्यानं तोच पॅच खऱ्या गिटार अँपच्या स्पीकरमधून वाजवला, तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा. गाळण्या दोन झाल्या होत्या, एक गणितातली आणि एक कागदाची. आता तो दोन पॅच ठेवतो: हेडफोनसाठी कॅबिनेट चालू, तालमीसाठी बंद.