जंतांसाठी सोनोग्राफी करायची आहे? येण्याआधी एवढं वाचा

‘सोनोग्राफीत जंत दिसतात का?’ नागपूरच्या धंतोलीतल्या आमच्या सेंटरवर हे सारखं विचारलं जातं. जंत कोणता, त्यावर ते ठरतं. लहान आतड्यातला मोठा गोल जंत, म्हणजे एस्कॅरिस, 15 ते 35 सेंटीमीटर लांब असतो. पडद्यावर त्याच्या दोन समांतर पांढऱ्या रेघा दिसतात, मधली काळी पट्टी ही त्याची स्वतःची आतडी. जिवंत असला तर तो वळवळतानाही दिसतो. हुकवर्म हा आतड्याला चिकटणारा जंत जेमतेम सेंटीमीटरभर, आणि जिआर्डिया तर जंतही नाही, सूक्ष्मदर्शकाखालीच सापडणारा एकपेशीय परजीवी. या दोघांसाठी स्टूल टेस्टच करा, सोनोग्राफीवर पैसे घालवू नका.

पेशंटचा वेळ वाया जातो तो पोट रिकामं नसल्यामुळे. ‘काही खाल्लं नाही, फक्त चहा’ म्हणतात, पण विचारलं की चहासोबत टोस्ट निघतो, बसमधून उतरल्यावरचे तर्री-पोहे निघतात. खर्ऱ्याला, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाला, तर कोणी खाण्यात धरतच नाही! खर्रा चघळताना हवा गिळली जाते, आणि सोनोग्राफीच्या लहरी हवेपलीकडे पोचत नाहीत. शिवाय खाल्लं की पित्ताशय आकसतं. जंत कधीकधी पित्तनलिकेत शिरतो, म्हणून तो भाग नीट दिसायलाच हवा.

अशा पेशंटला आम्ही दुसरी वेळ देतो. भंडारा, गोंदिया, छिंदवाड्याहून आलेल्यांना राग येतो, तो आम्हाला समजतो. पण भरल्या पोटावर ‘जंत दिसले नाहीत’ असं लिहून पैसे घेणं आम्हाला पटत नाही.

तर रात्री हलकं जेवा आणि तपासणीआधी सहा तास काही खाऊ नका. साधं पाणी चालतं; आतड्यात पाणी असलं की जंत उलट ठळक दिसतो. लहान मुलांना इतका वेळ उपाशी ठेवू नका. नंबर लावतानाच वय सांगा, त्यांना सकाळी पहिले घेतो. डायबेटिसची गोळी किंवा इन्सुलिन सुरू असेल तर आपल्या डॉक्टरांना आधी विचारा.

डॉक्टरांनी बेरियमचा एक्स-रे (बेरियमचं पांढरं द्रावण पाजून काढायचा) लिहून दिला असेल तर स्टूल टेस्टचा नमुना त्याआधी द्या. बेरियम शौचात उतरलं की आठ-दहा दिवस जंतांची अंडी शोधणं कठीण होतं.

पोटावर फिरवायच्या नेहमीच्या प्रोबनंतर आम्ही लिनियर प्रोबनेही (त्वचेजवळचं जास्त बारकाईने दाखवणाऱ्या) आतडी बघतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. येताना डॉक्टरांची चिठ्ठी आणि जुने रिपोर्ट आणा, आणि जंतांची गोळी शेवटची कधी घेतली ते सांगा.